नाल्याची पट्टी आणि विहिरीचा दोर

९ एप्रिल

विहीर : काठापासून पाणी २५ फूट खाली.

दोराला दर फुटावर गाठ मारली आणि खाली जुनं गंजलेलं कुलूप बांधलं. कुलूप पाण्याला टेकलं की दोर हलका लागतो, मग गाठी मोजायच्या. वाकून मोजताना पाहून गल्लीतली पोरं म्हणाली, "सर, मासे धरूलालाय काय?" निवृत्त विज्ञान शिक्षकाने भर उन्हात विहिरीवर वाकावं, यात तेवढंच कारण त्यांना सुचलं.

वही दोनशे पानी आणली आहे. डावं पान विहिरीचं, उजवं नाल्याचं. बेळगावातल्या आमच्या वडगाव भागाची दुखणी ही दोनच. उन्हाळ्यात नळाला पाणी कधी येईल याची वाट बघायची आणि पावसाळ्यात बळ्ळारी नाल्याचं पाणी घरात कधी येईल याची. तक्रारी मात्र दोन वेगवेगळ्या टेबलांवर जातात. पाणी एकच आहे, हे निदान आमच्या वहीत तरी समोरासमोर दिसावं.

१७ एप्रिल

विहीर : २५ फूट ८ इंच.

देवळाच्या कट्ट्यावर पहिली बैठक. सातजण आले. शिवारातले आण्णा, यंत्रमागवाले मामा, कोपऱ्यावरच्या सखल घरातल्या आक्का, सिव्हिल शिकणारी माझी पुतणी, तिच्या दोन मैत्रिणी आणि मी. चहा आक्कांकडून. त्यांचं म्हणणं पहिल्या घोटालाच आलं : "मोजून काय होतंय? पाणी यायचं ते येतंयच की."

उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी फक्त २०१९ ची आठवण काढली. त्या उन्हाळ्यात चिकोडी, अथणी, रायबागकडे कृष्णेचं पात्र कोरडं पडलं होतं आणि कोयनेचं पाणी सोडा म्हणून कर्नाटक महाराष्ट्राकडे विनवण्या करत होतं. ऑगस्टात त्याच कृष्णेने त्याच गावांना घराबाहेर काढलं. निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं आणि पुणे-बंगळूर रस्ता बंद पडला. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. शहरातही तसंच. २०२३ च्या जूनमध्ये शहराला पाणी देणारं राकसकोप धरण तळाला गेलं, तेव्हा सगळे पेपरातली फूट-पातळी क्रिकेटच्या स्कोअरसारखी बघत होते.

पुतणीने मध्येच सांगितलं, "काका, हवा एक अंशानं तापली की साधारण सात टक्के जास्त बाष्प धरू शकते." मामांनी विचारलं, "म्हणजे पाऊस वाढणार?" वाढेलच असं नाही. पण पडेल तेव्हा एकदम ओतण्याची ताकद वाढणार, आणि दोन सरींमधला कोरडा काळ जास्त तापणार. मामा म्हणाले, "म्हणजे पगार तेवढाच, पण वर्षाचा एकदम हातात आणि मग अकरा महिने उधारी." इतकं सोपं मी वर्गात कधी सांगितलं नव्हतं.

ठरलेली कामं : विहिरीतला गाळ काढणं, चार घरांच्या छपरांचं पाणी विहिरीकडे वळवणं, नाल्याच्या पुलावर पातळीची पट्टी रंगवणं आणि रात्री-अपरात्री निरोप देण्याची साखळी. पैसे : घरटी वर्गणी, वर आण्णांचा ट्रॅक्टर डिझेलच्या खर्चात.

२ मे

विहीर : २७ फूट.

५ मे

हे काम यादीत नव्हतं, मामांच्या शेडमध्ये गेल्यावर सुचलं. पत्र्याच्या छपराखाली दुपारी दोन वाजता उभं राहवेना. बेळगाव म्हणजे गरिबांचं महाबळेश्वर, हे आम्ही पाहुण्यांना अजून अभिमानाने सांगतो. त्या पाहुण्यांना एप्रिल-मेमध्ये मागाच्या शेडमध्ये न्यायला हवं. सूत उडतं म्हणून पंखाही मोठा लावता येत नाही.

अहमदाबादेत २०१० च्या उष्ण लाटेनंतर २०१३ साली महापालिकेने उष्णतेचा कृती आराखडा केला. त्यात इशारे, पाणपोया, दवाखान्यांची तयारी होती आणि पुढे झोपडपट्टीतली छपरं पांढरी रंगवणंही आलं. आम्ही चुना, थोडा फेव्हिकॉल आणि जुना झाडू घेऊन एका शेडचं छप्पर रंगवलं आणि दुसरं तसंच ठेवलं. आत टांगलेल्या दोन थर्मामीटरांत दुपारी तीन अंशांचा फरक आला. मामा म्हणाले, "तीन अंश कागदावर. अंगाला दहा वाटूलालेत." दुसऱ्या शेडवाल्याने संध्याकाळी चुन्याचा भाव विचारला.

१२ मे

आज विहिरीचा गाळ काढला. मोटरने पाणी उपसलं, मग दोन गडी उतरले. निघालं ते असं : गणपतीच्या मूर्तींचे लाकडी पाट, निर्माल्याच्या प्लास्टिक पिशव्या, एक पितळी तांब्या, चपलांचे सात जोड (जोड म्हणजे जोडच, हे कोडं सुटलं नाही) आणि सायकलचं एक चाक. तळ ३८ फुटांवर लागला. गाळच पाच फूट होता.

महत्त्वाचं ते पुढे दिसलं. वरचे वीसेक फूट जांभा दगडाचं बांधकाम आहे, त्यातल्या बऱ्याच भागावर कोणीतरी मध्यंतरी सिमेंटचा गिलावा मारलाय. विहीर चकाचक दिसावी म्हणून. जांभा म्हणजे स्पंजासारखा दगड. आजूबाजूचं पाणी त्यातून झिरपून येतं. त्यावर गिलावा म्हणजे म्हशीच्या आचळांना चिकटपट्टी लावून धार काढायला बसणं. गड्यांनी छिन्नीने तीन ठिकाणी गिलावा फोडला. एका ठिकाणी अर्ध्या तासात ओल दिसली, मग करंगळीएवढी धार. आक्का काठावरून बघत होत्या. काही बोलल्या नाहीत, पण चहाबरोबर आज बिस्किटं आली.

राकसकोपचं पाणी १९६० च्या दशकात आलं. त्याआधी हे शहर विहिरींवर जगत होतं. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर सर्वांना माहीत आहे. १९२४ च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इथे अधिवेशन भरलं, तेव्हा हजारो माणसांच्या पाण्यासाठी ती खोदली. नळ आले आणि विहिरींवर जाळ्या पडल्या, काहींवर तर स्लॅब. १९९० च्या दशकातल्या टंचाईत मग पालिकेला त्याच विहिरी पुन्हा उपसाव्या लागल्या, काँग्रेस विहीरही त्यात होती. आजोबांची काठी माळ्यावर टाकायची आणि पाय मुरगळला की शोधायची, तसं हे चाललंय.

२४ मे

उजव्या पानाचं काम सुरू. आण्णांबरोबर सकाळी सहाला नाल्याकाठाने चाललो, येळ्ळूर रस्त्याच्या बाजूने खाली. बूट चिखलात, नाकाला रुमाल. वळवाचे दोन पाऊस झाल्याने जलपर्णी हिरवीगार होती, वरून बघणाऱ्याला कुरण वाटावं.

बळ्ळारी नाला पुढे मार्कंडेयला मिळतो, मार्कंडेय घटप्रभेला, घटप्रभा कृष्णेला. म्हणजे आमच्या गल्लीत तुंबलेलं पाणी बंगालच्या उपसागराच्याच वाटेवर असतं. वाटेत फक्त जलपर्णी, गाळ आणि मोऱ्या. आम्ही तीन मोऱ्या मोजल्या. रस्त्याचा भराव दोन पुरुष उंच आणि त्याखाली पाण्याला जायला जागा बैलगाडी जेमतेम जाईल एवढी. असा भराव म्हणजे बांधच. त्याला धरण म्हणायची पद्धत नाही एवढंच.

आण्णांच्या शेतात बसून भाकरी खाल्ली. इथल्या काळ्या रानात बासमती व्हायची, वाटेने जाताना वास यायचा. आता इंद्रायणी आणि इतर जाती जास्त. भातानंतर ओलीवर मसूर, वाटाणा. मी वहीत हिशोब मांडला. भाताच्या खाचराला वीतभर बांध असतो. त्यात चार इंच, म्हणजे १० सेंटिमीटर पाणी उभं राहिलं, तर एका एकरात ४ लाख लिटर मावतात. दहा एकरांत ४० लाख. कोणी बांधलेलं नाही, कोणी उद्घाटन केलेलं नाही, पण पूर धरून ठेवणारं हे तळं दर पावसाळ्यात काम करतं.

आता त्याच दहा एकरांत प्लॉट पडले, काँक्रीटचे रस्ते आले असं धरू. तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर एका हेक्टरवर ५०० घनमीटर पाणी येतं. शेतातून त्यातलं साधारण पाव ते तीसेक टक्के लगेच वाहून जातं, काँक्रीटवरून नव्वद टक्के. म्हणजे सव्वाशे-दीडशेच्या जागी साडेचारशे घनमीटर, तेही तासाभरात, त्याच मोरीतून.

पुतणीने संध्याकाळी कोपनहेगनची गोष्ट सांगितली. २ जुलै २०११ ला तिथे दोनेक तासांत सुमारे १५० मिलिमीटर पाऊस पडला आणि शहर बुडालं. पुढच्या वर्षी त्यांनी ढगफुटीचा आराखडा केला. गटारं मोठी करत बसण्यापेक्षा बागा, मैदानं, रस्ते असे घडवायचे की गरज पडली तर ते बुडतील आणि घरं वाचतील. एका जुन्या बागेत त्यांनी २२,६०० घनमीटर पाणी थांबवायची सोय केली आहे. भागाकार केला : आण्णांच्या हिशोबाने ते जेमतेम छप्पन एकर भाताचं शिवार झालं. आण्णांनी विचारलं, "आणि बाग बुडाली की माळ्याचा पगार कापतात काय?"

हा प्रश्न वहीत अधोरेखित करून ठेवलाय.

८ जून

मृग लागला, पाऊस नाही. आण्णांची धूळवाफ (पावसाआधी कोरड्या मातीतली) पेरणी उरकली आहे, डोळे आभाळाकडे.

पर्जन्यमापक बसवला, माझ्या गच्चीवर. सरळ भिंतीचा डबा, वर फनेल, आत मोजपट्टी. वाचन रोज सकाळी साडेआठला, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ असतो आणि त्यांच्या आकड्याशी ताडून बघायचं तर वेळ तीच हवी. त्यांची वर्गवारी वहीच्या मलपृष्ठावर लिहिली : ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार, २०४.५ पासून अत्यंत जोरदार. कर्नाटकाच्या नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्राची पर्जन्यमापक यंत्रं ग्रामपंचायतींपर्यंत पोहोचली आहेत आणि त्यांच्या वरुणमित्र हेल्पलाइनवर चोवीस तास विचारता येतं. मामांनी प्रयोग म्हणून रात्री अकराला फोन लावला. कन्नडात नीट उत्तर मिळालं. आता ते रोज लावतात. थांबवायला हवं.

१९ जून

नाला : पट्टीवर २ फूट ३ इंच. विहीर : २८ फूट. पाऊस : एकूण ४१ मिमी.

२३ जून

पट्टी चुकली. दोष माझा.

पुलाच्या खांबावर तळापासून वर फूट-इंच रंगवले होते. काल यंत्राने गाळ काढला आणि तळच दीड फूट खाली गेला. पाणी तेवढंच, पण माझ्या पट्टीवर ते दीड फुटाने कमी. आयुष्यभर पोरांना संदर्भबिंदू शिकवला आणि स्वतः हलणाऱ्या चिखलावर शून्य ठेवला. आता पुलाच्या कठड्यापासून खाली मोजायचं. कठडा हलत नाही. पाणी कठड्याखाली ७ फूट असेल तर हिरवा, ५ ला पिवळा, साडेतीनला लाल. साडेतीन कुठून आलं? आक्कांच्या उंबऱ्यापासून. प्लास्टिकच्या नळीत पाणी भरून गवंडी जशी लेव्हल काढतात तशी काढली. कठड्याखाली साडेतीन फुटांवर नाला आला की पाणी त्यांच्या अंगणात यायला फक्त वीतभर उरतं. आक्कांनी उंबऱ्यावरची ती खूण पुसून टाकली. "अशुभ दिसतंय," म्हणाल्या. मी भिंतीमागे लहान केली.

२ जुलै

चार छपरं मिळून २६० चौरस मीटर. बेळगावात वर्षाला सरासरी सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस. वीस टक्के उडून-सांडून गेला असं धरलं तरी वर्षाला २ लाख ७० हजार लिटर. आमची विहीर काठोकाठ भरली तर मावतात साधारण १ लाख २० हजार. म्हणजे चार छपरांत दोन विहिरींहून जास्त पाणी, आणि ते आजवर सरळ गटारात, गटारातून नाल्यात, नाल्यातून आक्कांच्या अंगणात.

पहिला प्रयोग मात्र फसला. एका घरामागे शोषखड्डा केला. सहा फूट खोल, विटांचे तुकडे, खडी, वाळू, सगळं पुस्तकाप्रमाणे. चार दिवस पाऊस झाला आणि खड्डा हौदासारखा भरून राहिला. पाणी मुरेना, डास मात्र झाले. खाली काळी माती. भिजली की फुगते, फटी मिटतात, मग थेंब आत जात नाही. विहीर जांभ्यात आहे म्हणून सगळी गल्ली जांभ्यात, असं मी गृहीत धरलं होतं. आण्णांना विचारलं असतं तर खड्डा खणण्याआधीच सांगितलं असतं. नंतर विचारलं तेव्हा सांगितलंच : "सर, त्या घराखाली माझ्या आज्याचं शेत होतं. भात लावत होता त्यात. पाणी मुरणारं रान असतं तर भुईमूग नसता काय लावला?"

खड्डा बुजवला. आता पाणी थेट विहिरीत सोडायचं, पण गाळून. दोनशे लिटरचा निळा ड्रम, त्यात खाली खडी, मध्ये लोणारी कोळसा, वर जाड वाळू. पाइपाला ड्रमच्या आधी एक टोपण. पहिल्या सरींचं छपरावरची घाण धुतलेलं पाणी बाहेर सोडायचं, मग टोपण लावायचं. टोपणाची जबाबदारी पुतणीच्या मैत्रिणीकडे. तिने वेळापत्रक लावलं आहे, आम्हा म्हाताऱ्यांवर तिचा विश्वास नाही.

१४ जुलै

मोरीत अडकलेली जलपर्णी काढा म्हणून अर्ज घेऊन एका कचेरीत गेलो. अर्ज मराठीत होता, "कन्नडात आणा." मामांनी तिथेच बाकावर बसून कन्नडात लिहिला. मग कळलं की हे काम या टेबलाचं नाही. दुसऱ्या टेबलाने तिसऱ्याकडे पाठवलं. परत येताना आण्णांनी आठवडी बाजारातून नवा विळा घेतला.

२१ जुलै

तरणा पाऊस (पुनर्वसूचा) संपला, म्हातारा (पुष्याचा) लागला. म्हातारा या वर्षी तरण्याहून तगडा आहे. रोपलावण झाली. वीसजणांनी मिळून मोरीतली जलपर्णी ओढून काढली. दोन ट्रॉल्या. एक साप आणि एक फ्रिजचं दार.

नाला : कठड्याखाली ६ फूट. विहीर : १४ फूट. दोन्ही पानं एकाच दिवशी हलूलालीत, पहिल्यांदाच.

६ ऑगस्ट, पहाटे

रात्रीचं आत्ताच लिहून ठेवतो, उद्या विसरेन.

आश्लेषाचा पाऊस. काल सकाळी डब्यात ८८ मिमी होते, दिवसभर थांबला नाही. संध्याकाळी सहाला कठड्याखाली ५ फूट २ इंच. मामांनी वरुणमित्रला फोन केला (आता उपयोगी पडला), रात्री जोर वाढणार असं कळलं. आठ वाजता ५ च्या आत, पिवळा. मोबाइलवरच्या गटावर मराठी-कन्नड दोन्हींत निरोप गेला. मामांच्या ओळीतल्या चार शेडमधून तयार साड्या आणि सुताचे बोजे माळ्यावर चढवले. मोटरी सोडवून टेबलावर ठेवल्या. मागाची मोटर एकदा भिजली की गुंडाळणीचा खर्च आणि वर आठवड्याची मजुरी बुडते. हे काम पाणी यायच्या चार तास आधी झालं. २०१९ ला पाणी आल्यावर सुरू केलं होतं.

साडेअकराला वीज गेली. बाराच्या सुमारास कठड्याखाली ३ फूट ८, लालला दोनच इंच बाकी. पुतणीने लाल निरोप पाठवला. पावणेएकला मी पुलावर टॉर्च मारली तेव्हा ३ फूट २. आक्कांच्या घराकडे पाहिलं, अंधार. आम्हाला वाटलं, निघून गेल्या असतील. त्या झोपल्या होत्या. संध्याकाळपासून फोन बंद, बॅटरी संपलेली. सगळा आराखडा ज्यांच्या उंबऱ्यावरून मोजला, त्यांनाच निरोप पोहोचला नव्हता.

मामांनी दार वाजवलं. "एळ्री आक्का, नीरु बंतु!" (उठा आक्का, पाणी आलं!) घाईत त्यांना मराठी सुचत नाही. पाण्यात घोटा बुडत होता. आक्कांना, त्यांच्या नातवाला आणि रेशनच्या तांदळाला शाळेच्या व्हरांड्यात आणलं. शिलाई मशीन राहिलं. परत जाईपर्यंत पाणी गुडघ्याला लागलं होतं.

सुरतेत २००६ च्या पुरानंतर उकाई धरण, हवामानाचा अंदाज आणि महापालिका यांना जोडणारी इशारा व्यवस्था उभी राहिली, हे मी पोरांना मोठ्या तोऱ्यात सांगत होतो. आमच्या व्यवस्थेचा शेवटचा धागा एका चार्जरवर होता.

८ ऑगस्ट

नवा नियम : पिवळ्याला फोन, लालला दार. सखल अकरा घरांच्या दारांना माणसं वाटून दिली, प्रत्येक दाराला दोघे. वीज गेली तर देवळाची घंटा, सलग. पुजारीबुवांनी एकच अट घातली, की पोरांनी सरावासाठी वाजवायची नाही.

पूर विहिरीपर्यंत आला नव्हता, पण गटार तुंबून काठावरून आत ओघळलंय. पाणी काठापासून ६ फुटांवर, म्हणजे ३२ फूट खोल. व्यास १२ फूट. हिशोबाने १ लाख लिटरच्या वर. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर नेहमीच्या वेळी हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे पाव किलो. आत्ता दुप्पट टाकली. बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरचं पाणी पोहऱ्याने विहिरीच्या तळाशी नेऊन हलवलं. आठवडाभर पिण्यासाठी नाही, फक्त धुण्याला. काठ दोन फुटांनी वाढवायचा ठरला. छपरांचे पाइप तोवर बंद.

आक्कांचं मशीन उघडून उन्हात ठेवलंय. ऊन नाही.

१७ ऑगस्ट

नाला उतरला, शिवारातलं पाणी उतरलं नाही. अकरा दिवस झाले. भात दोन-चार दिवस बुडालेलं सोसतं. अकरा दिवस, तेही गटाराचं पाणी, नाही सोसत. आण्णांची दोन एकर लावण कुजली. हातात घेतली तर मुळापासून निसटून आली. बांधावर उभे राहून ते एवढंच म्हणाले, "तुमचं तळं भरलं सर."

मे महिन्यात मी मोठ्या हौसेने लाख लिटरचे हिशोब मांडले होते. त्या रात्री आक्कांच्या घरात पाणी कमरेला न लागता गुडघ्यावर थांबलं, त्यामागे हे शिवार होतंच. शहर वाचलं त्याचा खर्च आण्णांच्या बियाण्यात, खतात आणि लावणीच्या मजुरीत गेला. पीक नुकसानीचा पंचनामा होईल, काही रक्कम मिळेल, पण ती दया म्हणून. माझ्या मते ते भाडं आहे. शहराचं पाणी जो जमिनीवर उभं राहू देतो, त्याला दर एकरी, दर पावसाळी, ठरलेलं भाडं मिळायला हवं. मिळालं तर तो प्लॉट पाडणार नाही आणि पुढच्या पुरालाही शिवार जागेवर असेल. पुतणीने हे इंग्रजीत नीट लिहून तिच्या कॉलेजच्या प्रकल्पात घातलं. मामांनी कन्नडात केलं. मराठी प्रत माझ्याकडे. तिन्ही घेऊन पुन्हा त्याच टेबलांवर जायचंय.

३ सप्टेंबर

काठ वाढवला. पाइप पुन्हा सुरू. ड्रममधली वाळू धुतली, काळंकुट्ट पाणी निघालं. आक्कांचं मशीन सुरू झालं, आवाज मात्र बैलगाडीसारखा.

९ नोव्हेंबर

विहीर : ११ फूट. नाला : कठड्याखाली ७ फूट ९ इंच.

आण्णांनी कुजलेल्या रानात ओलीवर मसूर टाकला. चांगला उगवलाय.

कचेरीतून उत्तर नाही. पण एक कनिष्ठ अभियंता सुट्टीच्या दिवशी स्वतःहून पुलावर आले, पट्टीचा फोटो काढला, कठड्यावरून मोजण्याची पद्धत विचारून गेले. "आणखी दोन पुलांवर अशी रंगवता येईल काय?" रंग आम्ही देतो म्हणालो.

२६ जानेवारी

विहीर : १७ फूट. झेंडावंदनानंतर आठवीच्या पोरांना दोर दाखवला. एकाने विचारलं, कुलपाची किल्ली कुठाय. उत्तर नव्हतं.

११ मार्च

नळ चार दिवस नाही. विहिरीवर सकाळी रांग. मोटर लावून कोणी टाकी भरायची नाही, फक्त पोहरा, असं आक्कांनी जाहीर केलं. ठराव वगैरे काही झाला नाही. त्या सकाळी सहापासून काठावर बसून असतात.

विहीर : २१ फूट.

२ मे

विहीर : २४ फूट ६ इंच. गेल्या वर्षी याच तारखेला २७.

अडीच फूट जास्त. पुतणी खूश. मी तिला डबा दाखवला : पावसाळ्यात पाऊसही सरासरीहून बराच जास्त पडला होता. गाळ काढला, गिलावा फोडला, चार छपरं जोडली, आणि उपसाही यंदा वाढला. यातला कुठला वाटा कशाचा, हे एका वर्षाच्या वहीवरून सांगता येत नाही. कमी पावसाचं एक वर्ष यायला हवं, असं तोंडातून निघून गेलं आणि आण्णांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प झालो.

वही संपत आली आहे. नवी आणली. नाल्याची पट्टी पुन्हा रंगवायची आहे, लाल रंग उडालाय.

आक्कांनी विचारलं, "आज किती?" सांगितलं. त्यांनी दोर माझ्या हातातून घेतला आणि स्वतः एकदा सोडून बघितला.